छातीतल्या गाठीची बायोप्सी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमच्या गाठीचा तुकडा ज्या बाटलीतून जातो, ती बाटली उघडून बघणारी बाई. आमच्यातले बरेच जण पेशंटला कधी दिसतच नाहीत. पण बारीक सुईची तपासणी मी स्वतः करते, त्यामुळे रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंतच्या बाया समोर बसतात आणि विचारतात. पुढचे प्रश्न त्यांचे आहेत. काही त्यांच्या नवऱ्यांचे आणि सासवांचेही आहेत.

“गाठ शे, पन दुखत नही. मंग तपासनी कसाले?”

दुखत नाही म्हणूनच. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ठणका लागला, लाली आली, ताप आला तर ते जास्त करून पू होण्याचं लक्षण असतं. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना जडपणा येऊन दुखतं, ते बरेचदा हार्मोन्समुळे. न दुखणारी प्रत्येक गाठ वाईट असते असं नाही, साध्या गाठीही दुखत नाहीत. पण “दुखत नाही म्हणजे काही नाही” हा हिशेब चुकतो आणि तो फार महागात पडतो. कापूस निघू द्या, मुलीचं लग्न होऊ द्या, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाऊन आले की बघू, असं म्हणत सहा-सहा महिने गेलेले मी पाहिलेत. गाठ हाताला लागल्यापासून आठ-पंधरा दिवसांत डॉक्टरांचा हात तिच्यावर पडला पाहिजे.

गाठ म्हणजे कॅन्सरच ना?

नाही. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, तरुण मुलींच्या तर फारच क्वचित. पंधरा ते पस्तीस या वयात सगळ्यात जास्त दिसते ती फायब्रोअॅडिनोमा. बोटाखाली ती इतकी सटकते की डॉक्टरी भाषेत तिला ‘उंदीर’ म्हणतात. पस्तिशीनंतर पाण्याच्या गाठी दिसतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साचून गाठ होते, कधी पू होतो. मार लागला असेल, म्हणजे हंड्याचा काठ, गोठ्यातल्या म्हशीचं शिंग, मोटरसायकलचं हँडल, तर तिथली चरबी मरून टणक गोळा होतो आणि तो हाताला अगदी कॅन्सरसारखा लागतो. आपल्याकडे स्तनाचा टीबीही होतो. त्यावर ऑपरेशन नाही, गोळ्यांचा कोर्स असतो.

म्हणूनच नुसत्या हाताने निकाल देता येत नाही, कितीही अनुभवी हात असला तरी. डॉक्टरांनी तपासायचं, मग सोनोग्राफी (चाळिशीनंतर सोबत मॅमोग्राफी), आणि शंका राहिली तर सुई. या तीन गोष्टी मिळून निकाल होतो.

सोनोग्राफीच्या कागदावर “बायरॅड्स ४” लिहिलंय. म्हणजे चौथी स्टेज का?

अजिबात नाही. या एका आकड्याने किती घरांत रात्रभर दिवा जळला असेल देव जाणे! बायरॅड्स हा शंकेचा आकडा आहे, आजाराच्या टप्प्याशी त्याचा संबंध नाही. १ आणि २ म्हणजे निर्धास्त. ३ म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नाही, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढा. ४ म्हणजे तुकडा घ्या, आणि हा ४ फार लांबरुंद आहे : शंभरात दोन इथपासून ते पंच्याण्णवपर्यंत. म्हणून त्याचे ए, बी, सी असे भाग करतात. ४-ए असेल तर बहुतेक वेळा साधंच निघतं. ५ म्हणजे दाट संशय, पण तुकडा तरीही लागतोच.

सुईची तपासणी आणि तुकडा, दोन्ही एकच ना?

नाही, आणि ही गल्लत कायम होते. बारीक सुईच्या तपासणीत, जिला एफएनएसी म्हणतात, इंजेक्शनसारख्या सुईने गाठीतल्या सुट्या पेशी ओढून काचेवर पसरतात. पाच मिनिटांचं काम, बहुतेकदा भूलही लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट. गाठ पाण्याची असेल तर पाणी निघून ती तिथल्या तिथे बसते.

बायोप्सीत जाड सुईने अख्खा तुकडा येतो. खळ्यावरचा सुटा दाणा बघून ही दादर ज्वारी आहे एवढं मी सांगू शकते. दाणे कसे बसलेत, कीड आतल्या आत आहे की बाहेर फुटलीय, त्याला अख्खं कणीसच लागतं. कॅन्सरची शंका असेल तर आता तुकडाच घेतात, कारण पुढची औषधं ज्यावर ठरतात त्या तपासण्या तुकड्यावर भरवशाने होतात. त्यामुळे “आधी सुई झाली, आता परत तुकडा कशाला, पैसे काढायचे धंदे” असं कोणी म्हणालं तर ते दर वेळी खरं नसतं.

सुई लागली की गाठ खवळते, कॅन्सर पसरतो म्हणतात.

हा प्रश्न मला रोज येतो. बाईपेक्षा तिच्या सोबत आलेल्या माणसाकडून जास्त.

आधी ही समजूत कुठून आली ते बघा. बाई आधीच उशिरा आली. तुकडा घेतला, रिपोर्ट कॅन्सरचा आला. घरी बैठक बसली. कोणी म्हणालं अमक्या गावचा वैद्य पाला देतो, कोणी म्हणालं श्रावण जाऊ द्या, कानबाई देवी बसवून घेऊ. तीन-चार महिने गेले, गाठ वाढली, काखेत उतरली. गावाला लक्षात काय राहिलं? “सुई लावली अन् पसरलं.” मधल्या चार महिन्यांना कोणी नाव ठेवत नाही.

आता वैद्यकीय भाग. सुई बाहेर येताना तिच्या वाटेवर थोड्या पेशी सांडू शकतात, हे खोटं नाही. पण त्या तिथे बहुतेक मरून जातात, आणि उरल्या तरी पुढचं ऑपरेशन आणि रेडिएशन त्या जागेचा समाचार घेतं. जगभर कित्येक दशकं ही तपासणी होते आहे. सुईने तपासलेल्या बायका त्यामुळे लवकर दगावतात असं दिसलेलं नाही. उलट तपासल्याशिवाय उपचारच सुरू होत नाहीत.

मग डायरेक्ट काढूनच टाका ना. एकदाच काय ती कटकट.

याला मी हात जोडून नाही म्हणते.

गाठ साधी निघाली तर तुम्ही उगाच ऑपरेशन करून घेतलं. पुष्कळ फायब्रोअॅडिनोमा नुसत्या नजरेखाली ठेवल्या तरी चालतं. आणि ती कॅन्सरची निघाली तर ऑपरेशन अर्धवट झालं. कॅन्सरच्या गाठीभोवती निरोगी भागाची किनार ठेवून काढावं लागतं, काखेतल्या ग्रंथी तपासाव्या लागतात, चिरा कुठे द्यायचा हे आधी ठरवावं लागतं. काही जणींना आधी केमो देऊन गाठ लहान करतात, मग ऑपरेशन, आणि मग स्तन वाचण्याची शक्यता वाढते. आधीच गाठ उपटली तर हे सगळे रस्ते अरुंद होतात.

एक बाई मी विसरू शकत नाही. चाळीस-बेचाळीसची, शेतमजूर. तालुक्याच्या एका छोट्या दवाखान्यात गाठ काढली. काढलेली गाठ ट्रेमध्ये घालून नवऱ्याला दाखवली, “बघा, सगळी निघाली”, आणि टाकून दिली. तपासायला पाठवलीच नाही. त्यात कदाचित हजारेक रुपये वाचले असतील. आठ महिन्यांनी ती माझ्यासमोर आली तेव्हा त्याच व्रणाखाली गोळा होता आणि काखेत दोन. मी विचारलं, तेव्हाचा कागद? तिने पिशवीतून टाके काढल्याची चिठ्ठी काढून दिली. तेवढाच कागद होता.

म्हणून अंगातून काढलेला कुठलाही तुकडा, कितीही साधा वाटो, तपासायला गेलाच पाहिजे. डॉक्टर पाठवत नसतील तर तुम्ही म्हणा, “साहेब, बाटलीत घालून द्या, आम्ही नेतो.”

त्या दिवशी नेमकं काय काय होतं?

बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीच्या खोलीतच होतं, ऑपरेशन थिएटर लागत नाही. पाठीवर झोपवतात, त्या बाजूचा हात डोक्यामागे. थंडगार जेली लागते, पडद्यावर गाठ दिसते. मग भुलीचं इंजेक्शन. खरं दुखतं ते एवढंच : मुंगी कडकडून चावावी तसं, दहा-पंधरा सेकंद. जागा बधिर झाली की चार-पाच मिलिमीटरची चीर देऊन साधारण दोन मिलिमीटर जाडीची सुई आत सरकवतात. ती एका स्प्रिंगच्या यंत्रात बसवलेली असते. त्याला सगळे ‘गन’ म्हणतात, आणि त्या नावानेच निम्म्या बाया घाबरतात. ती सुटताना ‘टक्’ असा मोठा आवाज येतो, स्टेपलरसारखा. चांगले डॉक्टर आधी एकदा हवेत वाजवून दाखवतात. तुमच्या डॉक्टरांनी नाही दाखवलं तर मागा. दचकून हललात तर सुई चुकते.

असे तीन ते सहा तुकडे घेतात. एकेक तुकडा शिजलेल्या शेवईएवढा, दीड-दोन सेंटिमीटर लांब. बाटलीत टाकल्यावर पांढुरका, टणक तुकडा तळाला जातो आणि पिवळा, चरबीचा तुकडा वर तरंगतो. सगळेच तरंगायला लागले की डॉक्टर पुन्हा घेतात, कारण सुई गाठीत न जाता शेजारच्या चरबीत गेली असण्याची शंका असते. तेव्हा “अजून एक घेतो” म्हणाले तर घाबरू नका.

मग दहा मिनिटं जागा दाबून धरतात. टाका नाही, नुसती पट्टी. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास, आणि त्याच दिवशी घरी.

बाटलीकडे लक्ष कशाला द्यायचं?

कारण तुकडा एकदा खराब झाला की मी काही करू शकत नाही. तो फॉर्मालिनमध्येच (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) पडला पाहिजे, सलाईनमध्ये नाही, स्पिरिटमध्ये नाही. सलाईनमध्ये चार तास बसने फिरून आलेले तुकडे माझ्याकडे येतात, पेशी फुगून ओळखू न येणाऱ्या झालेल्या. बाटली तुमच्याच हातात देणार असतील तर दोन गोष्टी बघा : फॉर्मालिन आहे का, आणि तुमचं पूर्ण नाव व डावी-उजवी बाजू बाटलीच्या अंगावर लिहिलीय का. झाकणावर लिहिलेलं चालत नाही. झाकणं बदलतात. आणि एकाच गावातून एकाच दिवशी दोन ‘सुनंदा पाटील’ येणं आपल्याकडे काही अवघड नाही.

उपाशी यायचं का? साडी की गाऊन?

नुसत्या जागेच्या भुलीत होणार असेल तर उपाशी नाही. शुगरवाल्यांनी तर पोटभर खाऊन यावं. कपडे पुढून उघडणारे, म्हणजे हुकाचं ब्लाउज किंवा पुढे बटणांचा कुर्ता. येताना घट्ट बसणारी ब्रा आणा, नंतर दाब राहायला उपयोगी पडते. पाळी चालू असली तरी चालतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील (हृदयाच्या पेशंटला असतात) तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घरी गेल्यावर?

एक दिवस पट्टी कोरडी ठेवा. जागा काळी-निळी पडेल, मग हिरवट-पिवळी, आठवड्या-दोन आठवड्यांत जाईल. दुखलं तर पॅरासिटामॉल. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटं लावा. दोन दिवस हंडा नाही, केळीचा घड नाही, चक्कीवरचा दळणाचा डबा नाही. “मले काय व्हत नही” म्हणून दुसऱ्याच दिवशी निंदायला जाणाऱ्या बाया मला माहीत आहेत. जखमेवर हळद, चुना, तंबाखू काही लावायचं नाही.

दाबूनही रक्त थांबत नाही, जागा भराभर फुगते, ताप किंवा पू आला, तर त्याच दिवशी परत दाखवा.

रिपोर्टला इतके दिवस का? रक्ताचा तर संध्याकाळी येतो.

रक्त यंत्र मोजतं, तुकडा माणूस बघतो. तो बघण्यालायक व्हायलाच वेळ लागतो. फॉर्मालिनमध्ये तो किमान सहा तास भिजला पाहिजे. मग रात्रभर त्यातलं पाणी काढून मेण भरायचं. मेणाची छोटी वडी होते, तिला ब्लॉक म्हणतात. तिचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, म्हणजे एका मिलिमीटरचे अडीचशे-तीनशे. ते काचेवर घेऊन गुलाबी-जांभळे रंगवायचे. मग मी. चार-पाच दिवस त्यात जातात, आणि शंका असली तर मी दुसरे काप मागवते.

कॅन्सर निघाला तर पुढची औषधं ठरवणाऱ्या ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या लागतात, त्याला अजून आठवडाभर. कधी हर-टू अधांतरी येतं आणि आणखी एक तपासणी बाहेरगावी पाठवावी लागते. या दिवसांत फोनवर फोन येतात, “मॅडम, निदान चांगलं की वाईट तेवढं सांगा.” अर्धवट बघून मी कधीच सांगत नाही. कठोरपणा वाटला तरी चालेल.

“बिनाइन”, म्हणजे कॅन्सर नाही, असं लिहिलंय. सुटलो ना?

बहुतेक वेळा हो. पण सोनोग्राफीत गाठ वाईट दिसत होती आणि तुकडा साधा आला, असं झालं तर दोघांपैकी कोणीतरी चुकलंय. कदाचित सुई. अशा वेळी तुकडा पुन्हा घेणं हेच बरोबर असतं. दोन्ही कागद एकत्र घेऊन डॉक्टरांकडे जा. “अपुरा नमुना” असं लिहिलं असेल तर तो चांगला रिपोर्टही नाही आणि वाईटही नाही, तो रिपोर्टच नाही. “ग्रॅन्युलोमॅटस” शब्द दिसला तर टीबी किंवा तसलीच सूज, पुढच्या तपासण्या करा.

अंगावर पाजते आहे / दिवस गेलेत. थांबू का?

थांबायचं कारण नाही. जागेची भूल बाळाला बाधत नाही, पाजणं बंद करायचं नाही. क्वचित काही दिवस जखमेतून दूध झिरपतं. पाजते म्हणजे दुधाचीच गाठ असेल, या समजुतीत मात्र वेळ घालवू नका.

आमच्या जिभाऊंना गाठ आहे. पुरुषाला होतं का हे?

होतं. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर पेशंटमध्ये एखादा पुरुष असतो. पुरुषांत बहुतेक वेळा नुसती वाढ असते, पण बोंडामागे एकाच बाजूला टणक गाठ असेल तर तपासणी हीच, अशीच. लाजेपायी पुरुष बायकांपेक्षाही उशिरा येतात.

कुठे जायचं? पैसे?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे. सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढा. त्याच्याही आधी, तिशीच्या पुढच्या बाईची छाती तपासण्याची सोय सरकारी कार्यक्रमात गावपातळीवर आहे, आशाताईंना विचारा. कॅन्सरच निघाला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधार घेऊन त्याच्याकडे जा आणि निदानाआधीच्या तपासणीचा खर्च कसा धरतात ते तुकडा घेण्याआधीच विचारा, नंतर नाही.

“मॅडम, रिपोर्ट तिले सांगू नका, आमले सांगा.”

गाठ तिच्या अंगात, सुई तिने सोसली. मी तिला आत बोलावते, तिला हवं ते माणूस सोबत घेऊन. आजवर एकही बाई ऐकून कोसळली नाही. एक सासूबाई मात्र कोसळल्या होत्या, आणि सुनेने त्यांना पाणी पाजलं.

मुंबईला किंवा संभाजीनगरला न्यायचं ठरलंय. सोबत काय घ्यायचं?

नुसता कागद नको. मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलसारख्या ठिकाणी ते स्वतः काचा बघतात, आणि पुढच्या तपासण्यांना ब्लॉक लागतो. तेव्हा लॅबमध्ये अर्ज देऊन काचा आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या. कोणी कुरकुर केली तरी सही करून घ्याच. नाहीतर तिथे पुन्हा तुकडा, पुन्हा आठवडा. काचा डबीत, ब्लॉक छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर नाव आणि नंबर, आणि सगळं हातातल्या पर्समध्ये. गाडीच्या डिकीत नाही. ते मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यात भुसावळ स्टेशनबाहेर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तेवढं व्हायला वेळ लागत नाही.